तीन दिवस, सत्तावीस अंश

मुंढव्याच्या पुलावरून
दोरीला बांधून बादली सोडली
की ती बुडत नाही.
जलपर्णीवर बसून राहते
मानपान चुकलेल्या व्याह्यासारखी.
दोरीला हिसके द्यावे लागतात.

पाण्याचा रंग, असं एक रकाना विचारतो.
सव्वीस वर्षं मी त्यात 'करडा' लिहीत आलो.
वास : 'आहे'.

या खेपेला शेजारी बिरादार मॅडम.
खालच्या राज्याच्या मंडळातून आलेल्या.
संयुक्त पाहणी, दोन सरकारं, चार सह्या.
पिशवीत स्वतःचा थर्मामीटर.
"तुमच्यावर विश्वास नाही असं नाही," म्हणाल्या,
"वरून सांगितलंय की."
मराठी त्यांची इंडीकडची,
वाक्याच्या शेवटी 'की' ठेवून थांबणारी.

त्यांनी भीमेची एक बाटली आणलेली,
रात्रभर एसटीत मांडीवर धरून,
बर्फ वितळत वितळत साडी भिजलेली.
"पुण्याचं पाणी आलं की म्हशींना आधी कळतंय.
तोंड वर करून इकडं बघतात."
मग स्वतःच हसल्या,
"खोटं असंल. पण गावात असंच सांगतात."

प्रयोगशाळेच्या कपाटात
दोन्ही नद्या शेजारी शेजारी ठेवल्या.
तीन दिवस, सत्तावीस अंश, काळोख.
आत जे काही जिवंत आहे
ते आपण टाकलेलं खात बसतं
आणि खाता खाता श्वास संपवतं.
उरलेला श्वास मोजायचा. एवढीच आमची विद्या.

तोवर नोटिसा.
पहिली महापालिकेला : सरकारकडून सरकारला.
रिक्षानं दहा मिनिटांचं अंतर,
उत्तराला चाळीस दिवस.
आवक-जावकचे शिक्के दोघांचेही
अप्पा बळवंत चौकातल्या एकाच दुकानातले.
दुसरी रंगाच्या कारखान्याला,
बँक हमी जप्त का करू नये म्हणून.
मॅनेजरनं चहा मागवला.
मॅडमनी घेतला नाही.
मी घेतला.

तिसऱ्या दिवशी खराडीच्या नाल्याकडेनं जाताना
त्यांनी गाडी थांबवली.
बारा इंची पाइप, तोंडाशी साबणाचा फेस,
वर पेरूचं झाड.
"हे कुणाचं?"
गफूरभाईनं आरशातून माझ्याकडे पाहिलं.
रोज संध्याकाळी तो मला तिथंच सोडतो.

चौसष्ट घरं. तळघरात मैलापाण्याचं यंत्र,
दोन दिवाळ्या बंद.
वीजबिल परवडत नाही,
असा वार्षिक सभेत ठराव झाला, एकमताने.
त्या एकमतात एक हात माझा.

सांगितलं मी. कसं सांगितलं ते आठवत नाही.
त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.
त्यांनी फक्त रिकामी बाटली पुढे केली :
"घ्या की."

पाइप उंचावर होता, दोरी लागली नाही.
हातानंच धरली बाटली.
पाणी कोमट होतं.
हे मला सव्वीस वर्षांत
कुठल्याच रकान्यानं विचारलं नव्हतं.

नमुना क्रमांक सात.
ठिकाणापुढे माझाच पत्ता लिहिताना
पिनकोड दोनदा चुकला.
लाख तापवली, सील मारलं,
अंगठ्याला चटका बसला, तो तसाच राहू दिला.
रंगाच्या रकान्यात पेन टेकवून
बराच वेळ बसलो.

आता सोसायटीचा सेक्रेटरी
लिफ्टमध्ये माझ्याशी बोलत नाही.
चौथा मजला फार लांब आहे.
यंत्राची मोटर दुरुस्तीला गेलीये,
निदान तसं फलकावर लिहिलंय.
महापालिकेचं उत्तर आलं :
'प्रकरण विचाराधीन.'

परवा मॅडमचा फोन होता,
पुढच्या पाहणीच्या तारखेसाठी.
ठेवता ठेवता मी विचारलं,
म्हशी काय म्हणतात?

पलीकडे जरा वेळ नुसता वारा.
मग म्हणाल्या,
"बघत्यात की अजून."